उपमेय कुठे गेलं ते बघा : अलंकार ओळखण्याबद्दल

घाटावरची (धागा)

मी सांगलीत दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. अलंकारांचा पाठ आला की दरवर्षी वर्गात एक तक्ता फिरायला लागतो. सम, सारखा, परी, तुल्य दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. यातलं काहीच नसेल आणि तरी दोन वस्तू जोडलेल्या असतील तर रूपक. मुलं तक्ता पाठ करतात, गुणही मिळतात. मग तक्त्यातला शब्द नसलेलं एखादं साधं बोलण्यातलं वाक्य समोर ठेवलं की सगळी गप्प.

मला वाटतं, साम्यावर उभ्या असलेल्या अलंकारांत एकच प्रश्न विचारावा: ज्याच्याबद्दल बोलायचंय ते, म्हणजे उपमेय, वाक्यात किती शिल्लक आहे? बाकी सगळं त्यातून निघतं.

उदाहरण आपल्या घरचंच घेते. ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. माझी आत्ताची मुलं तेव्हा लहान होती, पण त्यांना सगळं आठवतं. त्यांच्याचकडून वर्गात वाक्यं करून घेतली.

'पूर सापासारखा सरपटत गल्लीत शिरला.' चारही अंगं हजर आहेत. पूर उपमेय, साप उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते), सरपटत शिरणं हा साधारण धर्म, म्हणजे दोघांतला समान गुण, 'सारखा' हा साम्यवाचक शब्द. ही पूर्णोपमा. बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे की पूर वेगळा आणि साप वेगळा. यातलं एखादं अंग गाळलं तर लुप्तोपमा, पण तो पक्केपणा तसाच राहतो.

'गल्लीत शिरणारं पाणी म्हणजे जणू बीळ शोधणारा सापच!' पाणी हे पाणीच आहे हे अजून कळतंय, पण मन सापाकडे झुकलं. ही उत्प्रेक्षा. 'जणू' ही त्या झुकण्याची खूण आहे. खूण नसतानाही मन झुकू शकतं, आणि बोलताना आपण नुसत्या साम्यालाही 'जणू' लावून मोकळे होतो. म्हणून शब्द शोधत बसू नये, बोलणाऱ्याचं मन कुठे आहे ते बघावं.

'पुराच्या सापाने पेठेला विळखा घातला.' रूपक. दोघंही वाक्यात आहेत, पण आता त्यांचं अंग एक झालंय. विळखा कोणी घातला, पुराने की सापाने, असं विचारायची सोय उरली नाही.

'पूर कसला, साप आहे हा साप!' अपन्हुती. उपमेयाला तोंडावर नाकारलं.

आणि शेवटी: 'रात्री साप आला आणि सकाळपर्यंत आमचं स्वयंपाकघर गिळून बसला.' इथे पूर हा शब्दच नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात अतिशयोक्तीचा एक मुख्य प्रकार हाच. मम्मट या शास्त्रकाराने काव्यप्रकाश या ग्रंथात तिचं लक्षण सांगताना 'निगीर्य' म्हटलंय, म्हणजे गिळून. उपमानाने उपमेय गिळायचं. आपल्या शाळेतली अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं, दमडीच्या तेलात घरादाराची न्हाणी उरकणं. तोही त्याच घरातला प्रकार, पण गिळण्याचा प्रकार शाळेत येतच नाही आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

या वाटेला फाटेही फुटतात. 'पूर म्हणावा की साप?' ससंदेह. अंधारात पाण्याची धार बघून आजी 'साप, साप' म्हणून मागे सरली तर भ्रांतिमान. 'साप परवडला, तो एकाला डसतो, पूर सगळ्या गल्लीला डसतो' हा व्यतिरेक. '२०१९ चा पूर २०१९ च्या पुरासारखाच' हा अनन्वय. ही सगळी वाक्यं मुलांनी एका तासात केली आणि कुणीही तक्ता उघडला नाही.

तुमच्याकडची उदाहरणं द्या. पुस्तकातली नकोत, बोलण्यातली द्या.

गावभाग

ताई, मांडणी आवडली. पण साप हे उपमान मला खटकलं. आमच्या घरात २००५ लाही पाणी आलं होतं, २०१९ लाही. आमच्या आजेसासूबाईंच्या तोंडून मी कधी 'पूर आला' असं ऐकलं नाही. 'माई उंबऱ्याला लागली', 'माई आत आली', 'माई आता निघाली' एवढंच. सामान माळ्यावर टाकायच्या घाईतसुद्धा त्यांनी पाण्याला हळदकुंकू वाहून ओटी भरली. ज्या बाईने कृष्णेची ओटी भरली ती तिला साप म्हणणार नाही.

मग या बोलण्याला काय म्हणायचं? चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीवाला सजीव मानून बोलणं, म्हणून सोडून द्यायचं का? मला ते अपुरं वाटतं. झाडं डुलली, वारा गुणगुणला ही चेतनगुणोक्ती. इथे तर म्हाताऱ्या माणसाला खरोखरच ती आई वाटते.

घाटावरची

गावभाग, फार चांगला मुद्दा. आजींना नदी खरोखर माई वाटत असेल तर त्यांच्या बाजूने तो अलंकारच नाही, साधं विधान आहे. अलंकाराला दोन वस्तूंतलं अंतर माहीत असावं लागतं. ऐकणाऱ्या तुम्हाला त्यात अलंकार दिसतो.

शिवाय 'पूर आला' हे भयाचं वाक्य टाळून 'माई आत आली' म्हणणं, तीच गोष्ट आडवळणाने सांगणं, ही पर्यायोक्ती आहे. साधं विधान आणि पर्यायोक्ती, दोन्ही एकाच वाक्यात बसतात.

उपमानाच्या निवडीबद्दल म्हणाल तर क्षेमेंद्र या शास्त्रकाराने औचित्य हेच काव्याचं जीवित मानलं. शब्द जागेवर नसेल तर अलंकार असूनही काव्य मरतं. माझ्या मुलांनी साप निवडला, कारण त्यांनी भीती पाहिली. आजींनी माई निवडली, कारण त्यांनी त्या पाण्यावर आयुष्य काढलं. मी दोन्ही फळ्यावर ठेवीन. उपमान कोणतं यावरून वस्तूपेक्षा बोलणारा जास्त कळतो.

तासगाव_नाका

आडवळणाच्या बोलण्यावरून एक भर. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढवते. कुंकू पुसलं म्हणत नाहीत. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. निघताना 'जातो' नाही, 'येतो'. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला जायचे. तिथले जुने अडते अजूनही 'दुकान वाढवू का?' असंच विचारतात. शब्दाचा अर्थ बरोबर उलटा, आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. याला शास्त्रात नाव आहे का?

कृष्णेश्वर_वाई

तासगाव_नाका, आहे. शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत: अभिधा, लक्षणा, व्यंजना. सरळ कोशातला अर्थ ही अभिधा. तो अडला की त्याला चिकटलेला दुसरा अर्थ घ्यायचा ही लक्षणा. शब्दामागून नुसता सुचणारा अर्थ ही व्यंजना. 'सातारा आज बंद आहे' म्हटलं की गाव बंद होत नाही, गावातली दुकानं बंद असतात. 'गंगेवर गवळीवाडा' हे लक्षणेचं जुनं ठरलेलं उदाहरण, वाडा पाण्यावर नाही, काठावर. तुमचं 'वाढवणं' हे विपरीत लक्षणेत बसतं, शब्दाच्या विरुद्ध अर्थ घ्यायचा. इथे कारण अमंगळ टाळण्याचं आहे.

तुम्ही दुकान वाढवण्याचा विषय काढलात म्हणून माझं सगळ्यात आवडतं उदाहरण देतो. 'सूर्य मावळला.' भामह या जुन्या शास्त्रकाराने 'सूर्य मावळला, चंद्र शोभतो, पाखरं घरट्याकडे निघाली' अशा वाक्याबद्दल विचारलं की हे कसलं काव्य, ही तर नुसती वार्ता. त्याच्या मते वक्रोक्ती, म्हणजे वळण घेऊन बोलणं, नाही तिथे अलंकार नाही. काही शतकं गेली. मम्मटाने त्यातलंच 'सूर्य मावळला' घेतलं आणि दाखवलं की ऐकणारा बदलला की हे वाक्य बदलतं. गुराख्याला त्याचा अर्थ गुरं घरी वळवा. प्रियकराकडे निघालेलीला, वेळ झाली. कर्मठाला, संध्येला बसा. लांब निघालेल्याला, आता फार दूर जाऊ नका. आणि त्या यादीत एक अर्थ आहे तो तुमच्या अडत्यांचाच: विकायला मांडलेला माल आवरा.

एका शास्त्रकाराला जे वाक्य कोरडं वाटलं, त्यातच दुसऱ्याला इतके अर्थ सापडले. मधल्या काळात आनंदवर्धन या शास्त्रकाराचा ध्वनीचा, म्हणजे शब्दामागून सुचणाऱ्या अर्थाचा, विचार आला होता, हा फरक त्याने पडला. घाटावरची ताई, मुलांना अलंकारांची सगळी नावं नाही आली तरी चालतील, हे एक उदाहरण मात्र नक्की सांगा. मुलं स्वतःच्या घरातली वाक्यं आणून देतील. आमच्या घरी 'दूध उतू जाईल हं' या वाक्याचा अर्थ मोबाइल ठेव असा आहे.

हरिपूरकर

उपमेय गिळण्यावरून माझ्या मनात पहिलं आलं ते खाडिलकरांचं कीचकवध. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीत जन्मले, १८७२ साली, पुढे केसरीत टिळकांबरोबर काम केलं. नाटक १९०७ चं. वंगभंग, म्हणजे बंगालची फाळणी, होऊन दोन वर्षं झालेली, ती करणारा व्हाइसरॉय कर्झन परत गेलेला. नाटकात कर्झनचं नाव नाही, एकही इंग्रज नाही. विराटाचा दरबार, सैरंध्री, कीचक, कंकभट झालेला युधिष्ठिर आणि आचाऱ्याच्या वेषातला भीम, सगळं महाभारतातलं. पण बघणाऱ्याला कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, 'थांबा, धीर धरा' म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि हात शिवशिवणारा भीम म्हणजे जहाल, हे सांगावं लागलं नाही. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली.

उपमेय रंगमंचावर एकदाही येत नाही, तरी प्रेक्षकांना ते दिसलं आणि सरकारलाही दिसलं. अलंकार म्हणजे भाषेचे दागिने, असं शाळेत आम्हाला सांगितलं होतं. दागिन्यावर सरकार बंदी कशाला घालेल? जे सरळ बोलता येत नव्हतं ते बोलण्याचा तो मार्ग होता. आपल्या बायकांना तो पूर्वीपासून माहीत आहे, लेकी बोले सुने लागे. शास्त्रात त्याला अन्योक्ती म्हणतात.

मुलांना एक सावधगिरी सांगावी लागते. अशा लिखाणाला आपण मराठीत रूपककथा, रूपकात्मक नाटक म्हणतो. अलंकारातलं रूपक वेगळं, तिथे दोघंही वाक्यात असतात. आणि संस्कृतात तर नाट्यालाच रूपक म्हणतात, दशरूपक या ग्रंथाचं नाव त्यावरूनच. तीन ठिकाणी एकच शब्द, त्यामुळे उत्तरपत्रिकेत फार घोटाळे होतात.

कृष्णेश्वर_वाई

हरिपूरकर, उदाहरण उत्तम. पण अन्योक्ती म्हणायला मी थोडा थांबेन. अन्योक्तीत जे बोललं जातं ते निमित्तमात्र असतं. कुणी चातकाला, भुंग्याला उद्देशून बोलतो तेव्हा चातकाशी त्याला काही देणंघेणं नसतं. कीचकवधात महाभारताची कथा स्वतःच्या पायावर उभी आहे. ज्याला कर्झन माहीत नाही त्यालाही नाटक पूर्ण कळतं, द्रौपदीचा अपमान त्यालाही झोंबतो. पहिला अर्थ पुरा होऊन त्याच्या मागून दुसरा उमटतो, तर तो ध्वनी. घंटेचा टोल पडून गेल्यावर मागे घुमत राहतो तसा, ही ध्वनिवाद्यांचीच उपमा.

बंदी घालणाऱ्याची अडचणही त्यामुळेच होते. एकही शब्द दाखवून 'हा राजद्रोह' म्हणता येत नाही. अर्थ शब्दात नाही, शब्द आणि काळ यांच्या मध्ये आहे.

हरिपूरकर

कथा स्वतंत्र उभी आहे हे मान्य. पण १९०७ च्या प्रेक्षागृहात बसलेल्यासाठी ती स्वतंत्र होती का? त्याच्यासाठी कर्झन हाच प्रस्तुत विषय होता. म्हणजे तेव्हा अन्योक्ती आणि आज वाचताना ध्वनी, असं होऊ शकतं. तुम्हीच वर म्हणालात ना, ऐकणारा बदलला की वाक्य बदलतं. मी त्यावरच उभा आहे.

वाळवेकर

अण्णा भाऊ साठे आमच्या वाटेगावचे, म्हणून एक विचारतो. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात ते म्हणाले होते की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नाही, ती दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे. 'हे नव्हे, ते आहे' असा घाट आहे. ही अपन्हुती धरायची का?

घाटावरची

वाळवेकर, घाट अपन्हुतीचा दिसतो, पण मी धरणार नाही. अपन्हुतीत खरी वस्तू नाकारायची आणि कल्पनेतली स्थापायची, पूर नव्हे साप. अण्णा भाऊंनी उलट केलं. कल्पनेतला शेष नाकारला आणि खरा हात पुढे आणला. भामहाला अपन्हुतीत खऱ्याचा निषेध लागतो.

आणखी एक मोठी गोष्ट आहे तिथे. तळहात हा शब्द अख्ख्या कष्टकरी माणसासाठी आला आहे. अवयव सांगून माणूस सांगायचा ही लक्षणा. म्हणजे पुराणातली प्रतिमा मोडली, पण 'पृथ्वी कशावर तरी तरली आहे' हा तिचा सांगाडा ठेवला आणि त्यात खऱ्या माणसाचा हात बसवला. नुसतं 'श्रमिकांमुळे जग चालतं' म्हटलं असतं तर ते विधान आज कुणाला पाठ नसतं.

वाळवेकर

पटलं. आमच्या गावातल्या कार्यक्रमात हे वाक्य दरवर्षी ऐकतो, इतकं उलगडून कुणी सांगितलं नव्हतं.

माणदेशी_मेंढका

इथे सगळे उपमानामागे लागलेत, म्हणून दुसऱ्या बाजूने बोलतो. आमच्या आटपाडीकडे पाऊस कमी, बोलणंही कमी. आमच्या भागातल्या व्यंकटेश माडगूळकरांचं गद्य वाचा. माणूस कसा बसतो, घोंगडं कसं टाकतो, मेंढरं कशी दाटीनं उभी राहतात, जे आहे तेवढंच. उपमा येते ती क्वचित आणि शेजारचीच. तरी माणूस समोर उभा राहतो. शाळेत याला स्वभावोक्ती, म्हणजे वस्तू आहे तशी सांगणं, म्हणून दोन ओळींत उरकतात.

कृष्णेश्वर_वाई

मेंढका, तुमच्या बाजूने दंडी हा जुना शास्त्रकार उभा आहे. त्याने अर्थालंकार सांगायला स्वभावोक्तीपासूनच सुरुवात केली, तिला आद्य अलंकृती, म्हणजे पहिला अलंकार, म्हटलं. विरुद्ध बाजूला कुंतक हा दुसरा शास्त्रकार. तो म्हणतो, वस्तूचा स्वभाव हेच तर शरीर, शरीरालाच अलंकार म्हटलं तर तो अलंकार घालायचा कशावर? मला दंडीचं पटतं. नेमकी कुठली हालचाल सांगायची आणि कुठली सोडायची, ही निवड करणं सोपं नाही. मेंढरं सगळ्यांनी पाहिलेली असतात, ती कागदावर थोड्यांनाच उतरवता येतात.

माणदेशी_मेंढका

हेच म्हणायचं होतं. घाटावरची ताई, पुराची इतकी वाक्यं करून घेतलीत, आता एक परिच्छेद असा लिहायला सांगा की ज्यात पूर फक्त पुरासारखा येईल. भिंतीवर ओल किती वर चढली, कुठलं भांडं तरंगलं, वास कसा होता.

घाटावरची

सोमवारी हेच देते.

दहावी_ब

मॅडम, मी तुमच्याच वर्गात आहे, नाव सांगत नाही. मला विरोधाभास आणि असंगती यांत फरक कळत नाही. दोन्हीत काहीतरी उलटंच असतं ना? 'पाऊस महाबळेश्वरात पडला आणि घर आमचं सांगलीत बुडलं' ही असंगती होईल का? आणि म्हणी कुठल्या अलंकारात येतात, दृष्टान्त की अर्थान्तरन्यास?

घाटावरची

असंगतीत कारण एका जागी आणि कार्य दुसऱ्या जागी. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.' तुझं वाक्य तसंच दिसतं, पण त्यात एक कमी आहे. महाबळेश्वर, पाटणकडचा पाऊस कृष्णा-कोयनेतून कराडला एकत्र होतो आणि खाली आपल्याकडे येतो, हा भूगोल आहे. जे तसंच घडतं ते नुसतं सांगणं म्हणजे बातमी. आता हे बघ: 'कोयनेचे दरवाजे साताऱ्यात उघडले आणि डोळ्यांतलं पाणी सांगलीत वाहिलं.' धरण उघडलं एकीकडे, वाहिलं दुसरीकडे, आणि तेही वेगळंच पाणी. इथे मन क्षणभर अडतं. तेवढं अडणं हवं, मग असंगती.

विरोधाभासात जागा एकच, गोष्ट एकच, आणि ती स्वतःशीच भांडताना दिसते. 'कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आम्ही पाण्याच्या टँकरची वाट बघत होतो.' ऐकताना विरोध वाटतो. पुराचं पाणी गढूळ आणि प्यायचं वेगळं हे कळलं की विरोध विरतो, म्हणून तो आभास. न विरणारा विरोध असेल तर ते वाक्य चुकलेलं असतं.

म्हणींचं म्हणशील तर म्हण बघून ठरवायचं. अधिकार गेला तरी ताठा न गेलेल्या माणसाबद्दल 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' म्हटलं, तर एका प्रसंगाशेजारी तसाच दुसरा ठेवला, हा दृष्टान्त. त्याच माणसाबद्दल 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' म्हटलं, तर विशेष गोष्टीला सर्वसाधारण नियमाचा आधार दिला, हा अर्थान्तरन्यास.

परीक्षेत अलंकाराचं नाव लिहिलंस की त्याखाली एक ओळ कारण लिही. उपमेय कोणतं, उपमान कोणतं, आणि दोघांचं या वाक्यात काय झालं. आणि सोमवारचा परिच्छेद तूही लिहायचा आहेस. नाव सांगितलं नाहीस तरी वही मला ओळखता येते.